आधी निदान, मग दुरुस्ती : राइड-ऑन गवतकापणी यंत्राचे इंजिन फिरत नसेल तर

गोंदियाहून हावड्याच्या दिशेने निघालेल्या गाडीने डोंगरगड आणि राजनांदगाव मागे टाकले की दुर्ग-भिलाई हे जोडशहर लागते. पोलाद कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरापासून दक्षिणेकडे, पाटणच्या वाटेवर, उतई हे नगरपंचायतीचे गाव आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे असल्याने गावाचे नाव दूरवर पोहोचले असले, तरी भोवतालचा प्रदेश मुख्यतः भातशेतीचा आहे. बांधांच्या पलीकडे भाजीपाला आणि फळबागाही दिसतात. याच दुर्ग जिल्ह्यात सांकरा येथे महात्मा गांधी उद्यानिकी व वानिकी विद्यापीठ आहे. पूर्व विदर्भातील शेतकऱ्याला येथील पाऊस, माती आणि तण ही तिन्ही ओळखीची वाटतील.

उदाहरणादाखल या परिसरातील पेरूची एक बाग डोळ्यांसमोर आणावी. दोन ओळींमधील गवत कापण्यासाठी बागायतदाराने बसून चालवायचे, म्हणजे राइड-ऑन प्रकारचे, पेट्रोल इंजिनावरील गवतकापणी यंत्र घेतले आहे. पावसाळा सरला की गवताची वाढ मंदावते आणि यंत्र शेडमध्ये जाते. पुढे मे महिन्याचे रणरणते ऊन आणि त्यानंतर जूनचा दमटपणा ते तेथेच सोसते. जुलैअखेर चार दिवसांची उघडीप मिळते, गवत गुडघ्याला लागलेले असते आणि त्यात गाजरगवत कळीवर आलेले दिसते. बागायतदार आसनावर बसून किल्ली फिरवतो. ‘टक्’ असा एक आवाज येतो आणि पुढे काहीच घडत नाही.

अशा वेळी बहुधा अंदाजाने खर्च सुरू होतो. प्रथम नवी बॅटरी येते. तरीही इंजिन फिरत नाही, म्हणून सेल्फ उतरवून शहरात पाठवला जातो. तोही निर्दोष ठरतो. शेवटी दोष सापडतो तो इंजिनाच्या अंगाला कसलेल्या अर्थिंगच्या तारेच्या गंजलेल्या बोल्टखाली. तोवर उघडीप संपलेली असते आणि गाजरगवत फुललेले असते. दुरुस्तीचा खरा खर्च काही मिनिटांचा आणि पॉलिश कागदाच्या एका तुकड्याचा होता. उरलेला सगळा खर्च निदान न केल्याचा होता.

उशीर का परवडत नाही

गाजरगवताची भारतातील ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि काही दशकांत ते देशभर पसरले. उगवणीनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत ते फुलावर येते आणि एक जोमदार झाड हजारो बिया टाकते. फुलण्यापूर्वी केलेली कापणी हंगामाचे काम हलके करते, तर बी धरल्यानंतरची कापणी बियांचा प्रसारच करते. कापल्यानंतर हे तण बुडातून पुन्हा फुटते, त्यामुळे कापणीची वेळ आणि तिची पुनरावृत्ती दोन्ही साधावी लागतात. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. यंत्र त्या सप्ताहापूर्वीच चालते असणे हिताचे आहे.

कीड व्यवस्थापनाच्या दृष्टीनेही कापणीची वेळ महत्त्वाची ठरते. बागेतील सगळे गवत एकाच दिवशी कापले तर त्यावरील रसशोषक किडी झाडांकडे सरकतात आणि मित्रकीटकांचा आसराही एकदम नाहीसा होतो. म्हणून एक ओळ सोडून एक कापावी आणि राहिलेल्या ओळी आठ-दहा दिवसांनी घ्याव्यात, असा सल्ला दिला जातो. ही पद्धत पाळायची तर यंत्र हवे त्या दिवशी सुरू झाले पाहिजे. गाजरगवतावर मेक्सिकन भुंगेरे, म्हणजे झायगोग्रामा बायकोलोराटा, भरपूर दिसत असतील तर पडीक कोपऱ्यातील काही झाडे त्यांच्यासाठी राखून ठेवावीत. हा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोहून भारतात आणण्यात आला.

‘फिरत नाही’ आणि ‘सुरू होत नाही’ यांतील फरक

यंत्र बंद पडल्याची तक्रार दोन अगदी वेगळ्या दोषांना लागू होते. पहिल्यात किल्ली दिल्यावर इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. तेव्हा शिळे पेट्रोल, तुंबलेला कार्बोरेटर, खराब स्पार्क प्लग किंवा चोंदलेला एअर फिल्टर पाहावा. दुसऱ्यात इंजिन मुळी फिरतच नाही. येथे पेट्रोल बदलून किंवा कार्बोरेटर साफ करून काहीही साधत नाही. प्रस्तुत लेख या दुसऱ्या दोषापुरता आहे.

इंजिन विजेवर फिरवण्याची सोय चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने विकसित केली आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत ती प्रथम बसवण्यात आली. त्यापूर्वी हँडल मारावे लागे. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. तिच्यात दोन मंडले असतात. एक हुकमाचे मंडल : बॅटरीतून फ्यूज, किल्लीचा स्विच, सुरक्षा स्विच आणि शेवटी सोलेनॉइडचे छोटे टोक. यातून थोडाच प्रवाह वाहतो. दुसरे शक्तीचे मंडल : बॅटरीतून जाड तार, सोलेनॉइडचे जाड संपर्क, सेल्फची मोटर आणि इंजिनाच्या अंगावरून अर्थिंगद्वारे परत बॅटरी. यातून मोठा प्रवाह वाहतो. सोलेनॉइड हा या दोहोंमधला दुवा आहे. हुकूम पोहोचला की तो ‘टक्’ करतो आणि शक्तीचे मंडल जोडतो. हे चित्र मनात पक्के असेल तर पुढील प्रत्येक तपासणीचे कारण आपोआप उलगडते.

हात लावण्यापूर्वी

• यंत्र सपाट जागी उभे करावे, हातब्रेक लावावा आणि पाती बंद स्थितीत ठेवावीत.
• स्पार्क प्लगची टोपी काढून प्लगपासून दूर, सुरक्षित बांधावी. तपासणीदरम्यान इंजिन अचानक सुरू होता कामा नये.
• पात्यांजवळ किंवा इंजिनाच्या फिरत्या भागांजवळ हात घालायचा असेल तर किल्ली काढून खिशात ठेवावी आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी.
• बॅटरीच्या तारा सोडवताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम मोडू नये.
• बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ज्वलनशील असतो. विडी, काडी आणि ठिणगी दूर ठेवावी. हातातील कडे व अंगठी काढून ठेवावी.

साहित्य फार लागत नाही. साधा मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, पान्यांचा संच, तारेचा ब्रश, पॉलिश कागद आणि किल्ली फिरवण्यासाठी एक मदतनीस एवढे पुरते. साध्या मल्टिमीटरने सेल्फचा प्रवाह मोजण्याचा प्रयत्न मात्र करू नये. मीटरची मर्यादा सहसा १० अँपिअर असते आणि सेल्फ त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. येथे सर्व मोजमापे व्होल्टमध्येच घ्यायची आहेत.

पहिले निरीक्षण कानांनी

किल्ली फिरवताना दिवा किंवा डॅशबोर्डवरील निर्देशक चालू ठेवावा. काय ऐकू येते आणि दिव्याचे काय होते, हे दोन्ही टिपावे. यावरून शोधाची दिशा ठरते.

१. पूर्ण शांतता, दिवाही नाही : बॅटरी पूर्ण उतरलेली, टर्मिनल सैल किंवा गंजलेले, मुख्य फ्यूज गेलेला.

२. दिवा नीट लागतो, पण किल्ली फिरवल्यावर शांतता : हुकमाचे मंडल तुटलेले. सुरक्षा स्विच, किल्लीचा स्विच, तुटलेली बारीक तार किंवा सोलेनॉइडचे वेटोळे.

३. ‘टकटकटक’ असा भराभर आवाज, दिवा मंद : बॅटरी कमकुवत किंवा जोडणी खराब. सोलेनॉइड ओढला जातो, व्होल्टेज कोसळते, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो.

४. एकच ‘टक्’, दिवा जवळपास तसाच : सोलेनॉइडचे जाड संपर्क जळलेले, सेल्फचे कार्बन झिजलेले किंवा पुढील जोडणी तुटलेली.

५. एकच ‘टक्’, दिवा एकदम मंद : बॅटरी मोठा प्रवाह देऊ शकत नाही, सेल्फ आतून बिघडलेला आहे किंवा इंजिन जाम आहे.

६. सेल्फ घरघर फिरतो, इंजिन स्थिर : सेल्फचा पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांपर्यंत सरकत नाही किंवा दाते तुटलेले आहेत.

७. इंजिन अर्धा फेरा फिरून अडते : बॅटरी अशक्त, सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेले किंवा झडपांची फट बिघडलेली.

पायरी १ : बॅटरी

लक्षण कोणतेही असो, सुरुवात बॅटरीपासून करावी, कारण पुढील प्रत्येक मोजमाप तिच्यावर अवलंबून आहे. बॅटरी नुकतीच चार्ज केली असेल तर काही तास विसावू द्यावी, अन्यथा मीटर फसवा आकडा दाखवते. लेड-ॲसिड प्रकारच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे साधारण वाचन असे :

• १२.६ व्होल्ट किंवा अधिक : पूर्ण चार्ज
• १२.४ व्होल्ट : सुमारे तीन चतुर्थांश
• १२.२ व्होल्ट : सुमारे निम्मी
• १२.० व्होल्ट : सुमारे एक चतुर्थांश
• ११.९ व्होल्टखाली : उतरलेली, आधी चार्ज करावी, मगच पुढील तपासणी

विश्रांतीतील वाचन चांगले असूनही बॅटरी निकामी असू शकते. म्हणून मदतनीसाला किल्ली फिरवायला सांगून त्याच क्षणी बॅटरीच्या खांबांवर पुन्हा वाचन घ्यावे. सेल्फ फिरत असताना ते ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. ते सात-आठ व्होल्टवर आले तर बॅटरी नीट चार्ज करून चाचणी पुन्हा घ्यावी. दुसऱ्यांदाही तसेच घडले, तर चांगली बॅटरी तात्पुरती जोडून पाहावी आणि मगच नवी घेण्याचा विचार करावा. चांगल्या बॅटरीवरही व्होल्टेज तसेच कोसळत असेल तर दोष सेल्फमध्ये किंवा जाम इंजिनात आहे.

न वापरलेली बॅटरी आपोआप उतरत जाते आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्हीकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय तापमान असते हे सांगायला नको. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी अनेक आठवडे राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर जमतो आणि पुढे ती चार्ज धरेनाशी होते. म्हणजे जुलैत उघड होणाऱ्या बिघाडाची सुरुवात बहुधा हिवाळ्यात, यंत्र ठेवून दिले त्या दिवशी झालेली असते.

दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीवरून तात्पुरती जोडणी करायची झाल्यास ती १२ व्होल्टचीच असावी आणि ते वाहन बंद असावे. शेवटची निगेटिव्ह पकड बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून दूर लावावी. २४ व्होल्टच्या ट्रकची बॅटरी कधीही जोडू नये.

पायरी २ : टर्मिनल, जाड तारा आणि अर्थिंग

टर्मिनलवरील पांढरी-हिरवट बुरशी दिसली की ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. मग तारेच्या ब्रशने खांब आणि पकड चकचकीत करून घट्ट कसावी. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी जोडणीही आतून गंजलेली असू शकते. तिचा छडा लावण्यासाठी व्होल्टेज-घट चाचणी करावी.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून त्याचे लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर आणि काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच, पकडीवर नव्हे, टेकवावे. मदतनीसाने किल्ली फिरवावी. सेल्फ प्रवाह ओढत असताना वाचन ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा अधिक आले तर अर्थिंगमध्ये दोष आहे. आता लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि काळे टोक सेल्फच्या जाड टोकावर ठेवून हीच चाचणी करावी. येथे ०.५ व्होल्टपेक्षा अधिक घट म्हणजे तारेत, तिच्या टोकात किंवा सोलेनॉइडमध्ये अडथळा आहे.

या चाचणीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रवाह वाहत असेल तरच घट दिसते. सोलेनॉइडने मंडल जोडलेच नाही तर अर्थिंगचे वाचन शून्य येईल आणि ते निर्दोष असल्याचा भ्रम होईल. त्याच वेळी पॉझिटिव्ह बाजूला मात्र जवळपास पूर्ण १२ व्होल्ट दिसतील. असे दिसल्यास थेट पायरी ४ कडे जावे.

पायरी ३ : फ्यूज, किल्ली आणि सुरक्षा स्विच

बॅटरी सशक्त आहे, जोडण्या स्वच्छ आहेत, तरीही ‘टक्’ आवाज येत नाही. तेव्हा हुकूम वाटेत कोठे अडतो ते शोधावे. फ्यूज काढून डोळ्यांनी आणि मीटरच्या सातत्य चाचणीने तपासावा. गेलेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तो पुन्हा जळाला तर तार कोठेतरी सोलवटली आहे असे समजावे. जाड फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

राइड-ऑन यंत्रात ब्रेक किंवा क्लच पेडल पूर्ण दाबलेले आणि पाती बंद असल्याशिवाय सेल्फला हुकूम जात नाही. काही मॉडेलमध्ये चालक आसनावर असणे आणि गिअर न्यूट्रलमध्ये असणेही आवश्यक असते. त्यामुळे यंत्र बिघडले असे ठरवण्यापूर्वी पेडल शेवटपर्यंत दाबून, पात्यांची कळ एकदा चालू-बंद करून आणि आसनावर नीट बसून पुन्हा प्रयत्न करावा. अनेकदा पेडलखाली साचलेल्या सुक्या गवतामुळे स्विच पूर्ण दाबला जात नाही, एवढाच दोष निघतो.

त्यानेही काम झाले नाही तर किल्ली फिरवून धरलेल्या स्थितीत टेस्ट लॅम्पने एकेका स्विचच्या आधी आणि नंतर वीज पाहत जावे. ज्या स्विचच्या आधी दिवा लागतो आणि नंतर लागत नाही, तोच दोषी. काही यंत्रांत हे स्विच अर्थिंगच्या बाजूने जोडलेले असतात, म्हणून पुस्तिकेतील वायरिंगचा नकाशा समोर ठेवावा.

दोषी स्विच सापडला की तो ‘डायरेक्ट’ करून काम भागवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. चालक उतरला तरी फिरत राहणारी पाती किंवा गिअरमध्ये असतानाच सुरू होऊन पुढे झेपावणारे यंत्र पाऊल तोडू शकते. सोलेनॉइडच्या दोन जाड टोकांना पेचकस टेकवून सेल्फ फिरवण्याची सवयही तितकीच घातक आहे, कारण त्यात सर्व सुरक्षा स्विच ओलांडले जातात. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात हा मुद्दा वगळू नये.

पायरी ४ : सोलेनॉइड आणि सेल्फ

सोलेनॉइडला दोन जाड आणि एक किंवा दोन बारीक टोके असतात. किल्ली फिरवून धरल्यावर बारीक टोकावर सुमारे १२ व्होल्ट येतात का, ते प्रथम पाहावे. येत नसतील तर दोष मागे, म्हणजे पायरी ३ मध्ये आहे. येत असूनही ‘टक्’ होत नसेल तर सोलेनॉइडचे वेटोळे किंवा त्याचे स्वतःचे अर्थिंग सदोष आहे.

‘टक्’ होत असेल तर सेल्फच्या बाजूच्या जाड टोकावर वाचन घ्यावे. येथे शून्य आले तर सोलेनॉइडचे आतले संपर्क जळलेले आहेत आणि तोच बदलावा. दहा-बारा व्होल्ट पोहोचूनही सेल्फ हलत नसेल, अर्थिंगची घटही नगण्य असेल, तर सेल्फ उतरवण्याची वेळ आली आहे. त्यात बहुधा कार्बन झिजलेले असतात किंवा कम्यूटेटर काळवंडलेला असतो. या क्रमाने गेल्यास सेल्फवर संशय सर्वांत शेवटी आणि पुराव्यासह येतो.

सेल्फ नुसताच घरघरत असेल तर पिनियनची सरकदांडी धूळ आणि जुन्या ग्रीसने चिकटलेली असते. ती साफ करून कोरडी ठेवावी किंवा पुस्तिकेत सांगितलेले वंगणच वापरावे. जाड ग्रीस धूळ धरून ठेवते.

पायरी ५ : इंजिनच जाम आहे का?

वीज सर्वत्र पोहोचत असूनही इंजिन हलत नसेल तर ते हाताने फिरवून पाहावे. त्यासाठी किल्ली काढावी, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, पाती बंद असल्याची खात्री करावी, स्पार्क प्लग काढावा आणि इंजिन पुस्तिकेत दिलेल्या दिशेने हळूहळू फिरवावे.

प्लग काढताच इंजिन सहज फिरले आणि प्लगच्या भोकातून पेट्रोल उडाले, तर कार्बोरेटरची सुई नीट न बसल्याने सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पिस्टन अडतो. अशा वेळी सेल्फ पुन्हा पुन्हा मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये. सुई दुरुस्त करावी आणि यापुढे काम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करण्याची सवय ठेवावी.

प्लग काढल्यावर इंजिन मोकळे फिरते, साचलेले पेट्रोलही नाही, पण प्लग बसवला की सेल्फ दाबाच्या टप्प्यावर अडतो, असे असेल तर झडपांची फट तपासून घ्यावी. लहान इंजिनांत सुरुवातीचा दाब कमी करण्याची सोय असते आणि फट वाढली की ती निकामी होते. सेल्फ बदलून हा दोष जात नाही.

प्लग काढूनही इंजिन हलत नसेल तर पात्यांत तार, दोरी किंवा गवत गुंतले आहे का आणि फ्लायव्हीलच्या झाकणाखाली काही अडकले आहे का, ते पाहावे. तेथेही काही नसेल तर ऑइलची पातळी पाहावी. ऑइल पुरेसे असेल आणि यंत्र नुसते पडून राहिले असेल तर सिलिंडरमध्ये गंज धरलेला असू शकतो. प्लगच्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडून रात्रभर ठेवावे आणि सकाळी हलक्या हाताने प्रयत्न करावा. जबरदस्ती करू नये. ऑइल संपलेले असताना चालता चालता जाम झालेले इंजिन मात्र थेट कार्यशाळेतच न्यावे.

शेडमधील न बोलावलेले पाहुणे

ठेवून दिलेल्या यंत्रात बिघाड करणाऱ्यांमध्ये उंदीर आणि कीटक यांचा वाटा दुर्लक्षित राहतो. उंदीर तारांचे आवरण कुरतडतात आणि फ्लायव्हीलच्या झाकणाखाली चिंध्या, गवत यांचे घरटे करतात. त्यामुळे थंड करणारी हवा अडते आणि घरटे दाट असेल तर फ्लायव्हीलही अडकते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला झाकण उघडून पाहिल्याशिवाय सेल्फ मारू नये.

मुंग्या स्विच आणि रिलेच्या पोकळीत शिरतात. संपर्कांमध्ये सापडून चिरडलेल्या मुंगीतून धोक्याचे गंधद्रव्य बाहेर पडते आणि त्यामुळे आणखी मुंग्या तेथे ओढल्या जातात. त्यांच्या मृत शरीरांचा थर संपर्कांना एकमेकांना टेकू देत नाही. ‘दिवा लागतो, पण किल्ली फिरवल्यावर शांतता’ या लक्षणात हेही कारण तपासावे. स्विच उघडून मऊ ब्रशने आणि संपर्क-स्वच्छक फवाऱ्याने साफ करावा. त्यावर कीटकनाशक फवारू नये, कारण त्यातील द्रावक प्लास्टिकला इजा करू शकतो.

कुंभारमाशी इंजिनाच्या पंखांमध्ये आणि नळ्यांच्या तोंडाशी मातीची घरटी बांधून त्यांत पिलांसाठी बधिर केलेले कोळी साठवते. या घरट्यांनी इंजिन लगेच अडत नाही, पण पंख बुजले की ते तापते आणि एके दिवशी जाम होते. घरटी लाकडी काडीने काढावीत. पाण्याचा जोरदार झोत मारू नये, कारण तो स्विचमध्ये शिरतो.

हंगाम संपताना

• पात्यांखालील आणि इंजिनाभोवतीचे गवत काढून यंत्र कोरडे करावे.
• पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा ओढतो, म्हणून टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत.
• ऑइल बदलावे आणि महिन्यातून एकदा, प्लग काढून, इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवावे.
• बॅटरी काढून सावलीत, लहान मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये.
• टर्मिनलला व्हॅसलिन लावावे.
• शेडमध्ये गोणपाट व चिंध्या यंत्राजवळ ठेवू नयेत आणि उंदरांचे सापळे लावावेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

बॅटरी, जोडण्या, सुरक्षा स्विच, सोलेनॉइड आणि सेल्फ या पायऱ्या मिनी ट्रॅक्टर आणि सेल्फ असलेल्या पॉवर टिलरलाही लागू पडतात. मात्र डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. त्याची जाम तपासणी प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावी. अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांत प्रत्येक यंत्रासोबत एक साधे कार्ड ठेवावे : तारीख, ऐकू आलेले लक्षण, बॅटरीचे विश्रांतीतील आणि सेल्फ मारतानाचे वाचन, दोन्ही बाजूंची व्होल्टेज-घट, सापडलेला दोष. दोन हंगामांत हे कार्डच सांगेल की त्या केंद्रात बॅटऱ्या खरोखर खराब निघतात की जोडण्या. अधिक सखोल प्रशिक्षणासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे.

किडींच्या बाबतीत ही शिस्त शेतकऱ्यांना नवीन नाही. पान पिवळे दिसले म्हणून लगेच फवारणी करायची नाही. आधी पानाची खालची बाजू पाहायची, कीड ओळखायची, मोजायची आणि आर्थिक नुकसान पातळी ओलांडली असेल तरच पंप उचलायचा. ही पातळीची कल्पना स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात १९५९ मध्ये मांडली आणि तिने अनावश्यक फवारण्यांना वैचारिक आधारावर विरोध केला. यंत्राच्या दुरुस्तीतही हाच नियम पाळावा. मीटरच्या आकड्याने दोषी ठरवल्याशिवाय कोणताही भाग विकत घेऊ नये. उतईच्या परिसरातील असो वा गोंदियाच्या, ज्या बागायतदाराने जूनच्या पहिल्या आठवड्यात या पाच पायऱ्या एकदा करून पाहिल्या, त्याला जुलैच्या उघडिपीचा पहिला दिवस दुरुस्तीत घालवावा लागणार नाही.